‘सगळ्या नोंदी गायब झाल्या’ या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या घरखर्चाच्या अ‍ॅपमधील आपल्या नोंदी गेल्या याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते आणि झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘मी फक्त कॅशे साफ केली आणि अ‍ॅपने सगळा डेटा उडवला’ असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे, त्याबद्दल खुलासा करणे भाग आहे. कारण ते वाचून नवा माणूस अ‍ॅप न घेताच माघारी फिरतो, आणि आमचे पोट याच अ‍ॅपवर आहे.

आपल्या नोंदी फोनच्या अंतर्गत साठवणुकीत, एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीच्या फाइलमध्ये असतात आणि भाषा, चलन वगैरे निवडी दुसऱ्या एका छोट्या फाइलमध्ये. कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असतात ती केवळ पावत्यांच्या फोटोंची लघुचित्रे, जी अ‍ॅप पुन्हा तयार करते. कॅशे साफ केल्याने त्या दोन्ही फाइलींना धक्काही लागत नाही. आपणच कळवले होते की, अ‍ॅप उघडल्यावर भाषा निवडण्याचा पहिला स्क्रीन आला आणि कॅमेऱ्याची परवानगीही नव्याने मागितली गेली. अ‍ॅप काढून न टाकता असे घडले असेल, तर ‘कॅशे साफ करा’ऐवजी अ‍ॅपचा सगळा डेटा पुसणारे ‘स्टोरेज साफ करा’ हे बटण दाबले गेले असणार. ही दोन्ही बटणे शेजारी शेजारी आहेत हे खरे. पण ती मांडणी अँड्रॉइडची आहे, आमची नव्हे, आणि डेटा कायमचा पुसण्यापूर्वी फोन तसे विचारतोही.

गूगलच्या बॅकअपमधून नोंदी परत का आल्या नाहीत, असेही आपण विचारले आहे. अँड्रॉइड ६.० पासून मिळणाऱ्या स्वयंचलित बॅकअपला प्रत्येक अ‍ॅपमागे २५ एमबीची मर्यादा आहे, आणि पावत्यांच्या फोटोंसह डेटा त्यापलीकडे गेला की नवा बॅकअप चढतच नाही. म्हणूनच आम्ही ‘बॅकअप फाइल तयार करा’ ही सोय पहिल्या आवृत्तीपासून, तीही विनामूल्य, दिली आहे. घरखर्च हा ज्याचा त्याचा खाजगी मामला असल्यामुळे आम्ही तो आमच्या सर्व्हरवर नेत नाही. याच कारणासाठी आपण पूर्वी आम्हाला पाच तारे दिले होते, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

बॅकअपची आठवण अधिक ठळकपणे देण्याचा विचार पुढील एखाद्या आवृत्तीत जरूर करू. तोवर कृपया फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये एकदा पाहावे; पूर्वी कधी बॅकअप फाइल तयार केली असल्यास ती तेथेच असेल आणि ‘आयात करा’ म्हटल्यावर तोपर्यंतच्या नोंदी परत येतील. तसे झाल्यास अभिप्रायाचा फेरविचार व्हावा, ही विनंती.