२० गुंठे हिरवळ आणि एक टँकर

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर परवा वाद पेटला तो बापूच्या नातवावरून. नातू सुट्टीला पुण्याहून आलाय. तिकडं कुठल्याशा बागेत जमिनीतूनच फवारे उडतात, पोरं त्यात नाचतात. इथं आल्यापासून रोज संध्याकाळी त्याचं एकच, पाण्यात खेळायला ने.

"आपल्याकडं पोरांची मजा म्हणजे जानेवारीत गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा. मे महिन्यात काय? एखाद्या बागेत असले फवारे बसवायला काय हरकत आहे?" बापूनं विचारलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायलंय. उजनी धरणावरून शंभरेक किलोमीटर पाइपातून आणायचं आणि इथं पोरांच्या अंगावर उडवायचं? शेजारच्या गल्लीत बायका घागरी घेऊन उभ्या असताना?"

बाळूचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं पंपाचा विषय निघाला की तो गप्प बसत नाही. "मास्तर, ते पाणी गटारात जात नाही की. फरशीवरून जाळीत, जाळीतून खालच्या टाकीत, तिथनं फिल्टर, क्लोरिन आणि परत वर. तेच पाणी फिरतंय. वर साचत नाही, म्हणून बुडायची भीती नाही. दोन वर्षांचं पोरगंसुद्धा खेळतंय. फक्त खाली शहाबादी घालू नका, शेवाळ धरलं की पोरं सटासट पडतील. खरबरीत काँक्रीट पाहिजे."

"आणि बेचाळीस अंशांत वाफ होऊन जातंय ते?"

"जातंय की. वाऱ्यानं जातंय, ओल्या कपड्यांतनं जातंय. रोज थोडी भर घालावीच लागते."

इथं मला राहवलं नाही. फवाऱ्याचा हिशोब सगळे मागतात, बागेतल्या हिरवळीचा कुणीच मागत नाही. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला ५ मिलिमीटर तरी पाहिजेच. २० गुंठे म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. म्हणजे १०,००० लिटर. रोज एक मोठा टँकर! आणि एवढं पाजून वर पाटी काय, तर 'हिरवळीवर चालू नये'.

अण्णा खो खो हसले. मास्तर नाही हसले. "मालक, हिरवळीला शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं. पोरांच्या तोंडात जाणारं पाणी तसलं चालेल का?"

मुद्दा बिनतोड होता. अण्णांचं मेडिकल असल्यानं त्यांनी त्यात भर घातली, की क्लोरिनलाही दाद न देणारे जंतू असतात, जुलाब लागलेलं एक पोरगं पाण्यात सोडलं तरी सगळ्यांना त्रास. पाणी रोज तपासणारा माणूस पाहिजे. उद्घाटनाला सगळे येतात, फिल्टर धुवायला कोण येतं?

तरीही माझं म्हणणं तेच राहिलं: शुद्ध केलेलं सांडपाणी असेल तर ते झाडांना द्या, गवताला कशाला? विजापूर रोडला सिद्धेश्वर वनविहारात सकाळी लोक का जातात? मातीच्या वाटा आहेत, सावली आहे, नशीब असलं तर मोर दिसतो. पेव्हर ब्लॉक घातलेली वाट संध्याकाळी सातलाही तव्यासारखी तापलेली असते, गुडघे दुखतात ते वेगळंच. पोरं फवाऱ्यात अर्धा तास खेळतील, मग दमतील, भूक भूक करतील. बाकीचा वेळ घरची माणसं काढतात ते झाडाखालच्या वाटेवर.

चहावाल्या मावशींनी मधेच तोंड घातलं. "बसायला बाकडी कुठं ठेवणार ते सांगा आधी. पोरगं दिसलं पाहिजे तिथनं. आणि ओले कपडे बदलायला आडोसा. तुम्ही गडी काय, टॉवेल गुंडाळून मोकळे." एवढ्या वेळात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मास्तर जरा नरमले. "ठीक आहे. हिरवळ काढा, कडुनिंब लावा, करंज लावा, मग बसवा फवारे."

"कडुनिंब मोठा होईस्तोवर माझा नातू कॉलेजात जाईल की!" बापू ओरडला.

"तोवर शेडनेट बांधा."

पैशावर गाडी पुन्हा अडली. अण्णा म्हणाले, दहा रुपये तिकीट ठेवा, पंप बघणाऱ्याचा पगार निघेल.

"दहा रुपये?" मावशी किटली आपटत म्हणाल्या. "माझी चार नातवंडं आहेत. ती काय जाळीला तोंड लावून बघत उभी राहणार?"

"अन् पगार नाही निघाला तर मोटार बंद," बाळू म्हणाला, "मग बापूचा नातूपण बाहेरच."