स्पेक्ट्रम आणि दुधाचा हिशेब

माझ्याकडे जुने पाच संगणक आहेत. आई त्यांना डबडी म्हणते.

परवा तिने झेडएक्स स्पेक्ट्रमकडे बोट दाखवून विचारलं, "हे करतं तरी काय रे?"

मी खुशीत सुरू झालो. १९८२ साल, इंग्लंड, क्लाइव्ह सिंक्लेअर, ४८ केबीचं मॉडेल १७५ पौंडांना...

"किंमत नको सांगूस. करतं काय?"

इथे माझी गाडी अडली. त्या काळात घरगुती संगणक खपवताना घरखर्च, पाककृती, मुलांचा अभ्यास असं सांगत. प्रत्यक्षात पोरं त्यावर गेम खेळायची.

"घरखर्च, पाककृती?" आई म्हणाली. "ते कालनिर्णय करतं. १९७३ पासून. भिंतीवर, विजेशिवाय."

मी इरेला पेटलो. दुधाचा हिशेब करून दाखवतोच म्हटलं.

नव्या टीव्हीला स्पेक्ट्रमची ओळख पटेना, म्हणून माळ्यावरचा डब्बा टीव्ही उतरवला. कळा खोडरबरासारख्या मऊ. 'पी' दाबावं तर अख्खं 'प्रिंट' उमटतं. एकेका कळीकडे पाच-पाच कामं, आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखी. तासाभराने प्रोग्राम झाला, कॅसेटवर उतरवला. परत चढवताना टेपमधून किसणीवर पत्रा किसल्यासारखा आवाज, पडद्याच्या कडेने निळ्या-पिवळ्या पट्ट्या, आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर'. मग स्क्रू ड्रायव्हरने टेपचं हेड रेसभर फिरवायचं, पुन्हा ऐकायचं, पुन्हा फिरवायचं. (या कामात एक सुख आहे. पण ते घरच्यांना समजावता येत नाही.)

सातव्या खेपेला चढला! रोजचं दीड लिटर, मधले खाडे, सगळं भरत तेवीस तारखेपर्यंत आलो आणि पडदा काळा झाला. आईला मिक्सर लावायचा होता. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटणच नाही. पिन काढली की तेवीस दिवसांचं दूध नासलं.

"साडेबत्तीस लिटर तर होतात," कालनिर्णयाचं पान सोडून आई म्हणाली. "दोन खाडे अन् मामा आलेले तेव्हा एक जास्तीचा. पण हे एवढं गरम कशाने झालंय?"

"आतला रेग्युलेटर तापतो."

"रात्रभर राहतं असंच?"

थंडीमुळे आठवडाभर विरजण लागत नव्हतं. त्या रात्री स्पेक्ट्रमवर नॅपकिनात गुंडाळलेलं पातेलं बसलं, आणि सकाळी दही असं की चमचा उभा राहावा.

बाकीच्या चारांत जास्त कुठला तापतो, असं आज तिने विचारलंय.