‘वाया गेलेल्या वर्षा’चं खापर कॉलेजवर कशाला?

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याचा सोहळा, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. ‘अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एनसीएएने, नियमच करून ठेवलाय: वर्षभर कॉलेजकडून फुकट खेळा, मगच एनबीए. कोबी, लेब्रॉन शाळेतून थेट आले, त्यांचं काय अडलं? कॉलेज म्हणजे वाया गेलेलं वर्ष.’ वाचायला झकास, पण एकेक वाक्य तपासलं की पंचाईत होते.

‘नियम एनसीएएचा.’ साफ चूक. एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २००५ च्या करारातला हा नियम, २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाला. एनबीएचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना वयाची अट २० हवी होती, घासाघीस होऊन १९ ठरली. कॉलेजांना आयते खेळाडू मिळाले हे खरं, पण करारावर सही त्यांची नाही.

‘कॉलेज खेळावंच लागतं.’ तेही नाही. ड्राफ्टच्या वर्षात वयाची १९ पूर्ण व्हायला हवीत आणि अमेरिकेतल्या मुलाचं हायस्कूल संपून एनबीएचा एक हंगाम उलटलेला हवा, एवढंच. मधला काळ कुठे काढायचा ते ज्याचं त्याने बघावं. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये रोमच्या क्लबकडे गेला. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात इलावारा हॉक्सकडून खेळला आणि २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. आपल्या पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग तर फ्लोरिडातल्या अकादमीतून, कॉलेजची पायरी न चढता, २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला एकही आला नाही.

‘फुकट’ हा शब्द २०२१ पर्यंत चालला असता, शिष्यवृत्ती सोडली तर. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेज थेट पैसेही देऊ शकतं. एनबीएने कॉलेज टाळणाऱ्या मुलांसाठी २०२० मध्ये काढलेला जी लीग इग्नाइट हा संघ २०२४ मध्ये गुंडाळला, कारण पैसे आता कॉलेजातच मिळायला लागले होते.

कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स या दिग्गजांचं काही अडलं नाही, मान्य. पण १९९५ ते २००५ या काळात शाळेतून थेट निवडलेली मुलं चाळीसच्या आसपास होती. त्यातला कोर्लिओन यंग १९९८ मध्ये डेट्रॉइटच्या संघाने घेतला. त्याची एनबीए कारकीर्द तीन सामन्यांची. शाळेत असताना लेब्रॉनच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतलं जायचं, त्या लेनी कुकला २००२ मध्ये कुणी घेतलंच नाही. यांची नावं फिरत्या मजकुरात कशी येतील?

राहिलं ‘वाया गेलेलं वर्ष’. इथे मला एनबीएचा बडा तारा स्टीफन करी आठवतो. अंगाने किरकोळ, मोठ्या कॉलेजांनी शिष्यवृत्ती नाकारलेली, म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्याशा डेव्हिडसन कॉलेजात गेला. पहिल्याच सामन्यात, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, पोराने १३ वेळा चेंडू गमावला. तेरा! प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं नाही, आणि पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. अठरा वर्षांच्या मुलाला अशा चुका करू देणारा एनबीए प्रशिक्षक मला दाखवा. तिथे हरलेल्या प्रत्येक सामन्यागणिक नोकरी टांगणीला असते. २००८ मध्ये डेव्हिडसनने देशातल्या शेवटच्या आठांत धडक मारली, तेव्हाही ‘आता निघ’ म्हणणारे होते. करी राहिला. आधी तो प्रामुख्याने शूटर होता, संघाचा पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स पदवी घेऊन गेल्यावर तिसऱ्या वर्षी ती जबाबदारी त्याच्यावर आली. चेंडू हातात घेऊन संघ चालवायला तो तिथे शिकला आणि २००९ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला.

लेब्रॉनसारख्याला एका वर्षाने काय मिळालं असतं, हा प्रश्न रास्तच आहे. अशी मुलं दशकात दोन-तीन निघतात. बाकीच्यांच्या बाबतीत माझी तक्रार उलटी आहे, एक वर्ष फार थोडं पडतं. जेलन ब्रन्सन विलानोवा विद्यापीठात तीन वर्षं राहिला. २०१६ आणि २०१८ ची कॉलेज अजिंक्यपदं मिळवली, पदवीही घेतली, तरी ३३ वा निवडला गेला. आता तो न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार आहे.