"गाड्यांच्या लाईनमध्ये जाऊ नका" या मेसेजला माझं उत्तर

गाड्यांची आवड असलेल्या मुलांना घाबरवणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं की इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकचं काम संपलं, उरलंसुरलं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) सांगतो, हे काम अभ्यासात कच्च्या मुलांचं, शरीराची वाट लागते आणि आवडीचं काम पोटापाण्याला लावलं की आवड मरते. मी बरीच वर्षं गॅरेजमध्ये काढलीत, हाताखाली मुलं शिकून गेलीत, त्यामुळे हे वाचून कुणी मागे फिरत असेल तर खरंच वाईट वाटतं.

आधी इलेक्ट्रिकचं बघू. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर ही कामं तिथं नाहीत, मान्य. पण सस्पेन्शनचे बुश, बेअरिंग, स्टिअरिंग, एसी सगळं आहेच ना, आणि बॅटरीच्या वजनाने टायरवर ताण उलट जास्तच येतो. ब्रेकचं तर असं होतं की वेग बराचसा मोटरच कमी करते म्हणून पॅड कमी झिजतात, पण वापरच कमी त्यामुळे डिस्कला गंज धरतो, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात, मग ते उघडून साफ करून ग्रीस लावायचं काम आलंच. वर ४०० व्होल्टची बॅटरी, काही गाड्यांत ८०० ची. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायच्या आधी सप्लाय तोडायचा, इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागातले) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीने दिलेला वेळ थांबायचं, मीटर लावून शून्य बघायचं, तेही इन्सुलेटेड ग्लोव्हज घालून. हे नीट शिकलेला माणूस लागणारच. आणि आज विकली गेलेली पेट्रोल गाडी पुढची दहा-पंधरा वर्षं सहज चालणार, ती कोण बघणार?

आता स्कॅनर. पी ०१७१ कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, ते फाटक्या व्हॅक्युम पाइपमुळे की घाण झालेल्या एअरफ्लो सेन्सरमुळे की थकलेल्या पंपामुळे, हे शोधायचं माणसानेच. आणि कधी कधी तर कोडच नसतो. माझ्याकडे एक गाडी आलेली, तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी डाउन, मालकाने दोनदा नवीन बॅटरी टाकून झालेली, स्कॅनरवर काहीच नाही. निगेटिव्ह टर्मिनलला सिरीजमध्ये मीटर जोडला, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, कारण आतली मॉड्युल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला वेळ घेतात, त्यानंतर करंट ०.०५ अँपिअरच्या आत यायला हवा, इथं ०.४५ वर अडकलेला. मग फ्यूज न काढता एकेका फ्यूजवर मिलिव्होल्ट बघत गेलो, कारण ज्यातून करंट वाहतोय त्यावर थोडा व्होल्टेज दिसतो (फ्यूज काढून परत लावला की झोपलेली मॉड्युल जागी होतात आणि सगळं पहिल्यापासून), आणि शेवटी सापडला डॅशबोर्डच्या कप्प्यातला बल्ब, झाकण बंद केलं तरी स्विच दाबला जात नव्हता म्हणून रात्रंदिवस पेटलेला. ५ वॅटचा एवढासा बल्ब, पण दिवसाला १० अँपिअर-तास खातो, ५० ची बॅटरी किती दिवस पुरणार?

आता सांगा, हे अभ्यासात कच्च्या मुलाचं काम आहे का? ओहमचा नियम कळल्याशिवाय आणि वायरिंग डायग्राम वाचता आल्याशिवाय हा फॉल्ट सापडत नाही. या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

शरीराचं मात्र खरं आहे, ते लपवणार नाही. कंबर, गुडघे धरतात. जिथं गाडी उचलायची लिफ्ट नाही आणि वापरलेलं ऑइल उघड्या हातांनी पुसतात तिथं शिकायला राहू नका, ग्लोव्हज पहिल्या दिवसापासून घाला.

आवडीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. गाडी चालवायला, बघायला आवडणं वेगळं आणि गंजलेला बोल्ट न तोडता काढायला आवडणं वेगळं, पहिल्या आवडीच्या जोरावर आलेली मुलं सहा महिन्यांत कंटाळलेली मी पाहिलीत. म्हणून कोर्सची फी भरायच्या आधी दोन महिने एखाद्या गॅरेजमध्ये नुसतं काम करून बघा. न सापडलेला फॉल्ट रात्री डोक्यात घोळत राहतो की पाना ठेवला की विसरता, ते स्वतःला विचारा. आणि जाताना अंगठी, कडं घरी काढून ठेवा, बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल आणि गाडीची बॉडी दोन्हींना एकदम धातू टेकला की क्षणात लाल होतो.