जादा कामावर चालणारं वेळापत्रक

‘मोटरमननी ओव्हरटाइम नाकारला, लोकलच्या फेऱ्या रद्द.’ ही बातमी दर काही वर्षांनी येते. आपण वाचतो, वैतागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फलाटावर जाऊन उभे राहतो. एकदा ती नीट वाचून बघा. त्या दिवशी कुणी संपावर गेलेलं नसतं. ठरलेली ड्युटी सगळे करत असतात. ड्युटी संपल्यावर आणखी एक फेरी मारायला फक्त ते नाही म्हणतात. आणि तेवढ्यानं लाखो माणसांची ने-आण करणारी गाडी अडते. म्हणजे जे वेळापत्रक बघून आपण पास काढतो, नोकरी धरतो, पाळणाघराची वेळ ठरवतो, ते मुळातच कुणाच्या तरी जादा कामाच्या भरवशावर छापलेलं आहे. माणसं थकणार, चिडणार, कधीतरी नाही म्हणणार, हे छापणाऱ्याला ठाऊक असतं. आपल्याला मात्र कुणी सांगत नाही. माझा राग याच्यावर आहे.

मी वांगणीला राहते, मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे. दादर-ठाण्याच्या लोकांना गाडी रद्द झाली की पाच-सात मिनिटं थांबावं लागतं, त्यांनाही त्रास होतोच, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे फक्त कर्जत आणि खोपोली गाड्या येतात. त्यातली एक गेली की मधे मोठं भगदाड पडतं. तिकडे कसाऱ्याच्या बाजूला खर्डी, आटगावची तीच गत. बदलापूर, अंबरनाथ गाड्या आमच्या उपयोगाच्या नाहीत. त्या पकडून बदलापूरला उतरायचं आणि पुन्हा कर्जतची वाट बघत उभं राहायचं. रद्द फेऱ्यांची संख्या पेपरात येते, पण त्यातल्या किती कल्याणच्या पुढच्या होत्या, हे कधी येत नाही. आम्हाला तेवढंच हवं असतं.

आमच्या गावात दृष्टिहीनांची बरीच कुटुंबं आहेत. त्यातले कितीतरी जण लोकलमध्ये फिरून पेनं, कंगवे, मोबाइलची कव्हरं विकतात. गाड्या विस्कळीत झाल्या की डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग यांना आत शिरता येत नाही, शिरले तर सरकता येत नाही. त्या दिवसाची कमाई गेली. त्यांचा ना लेट मार्क लागतो ना हाफ डे, त्यामुळे ते कुठल्याच हिशोबात येत नाहीत.

लेडीज डब्यात अशा दिवशी काय चालतं ते पुरुषांना बाहेरून कळत नाही. मागे एकदा संध्याकाळी कर्जत रद्द झाली. पुढच्या गाडीत दोन गाड्यांच्या बायका. माझ्या शेजारी एक मुलगी दाराच्या खांबाला धरून फोनवर बोलत होती, ‘काकी, अजून अर्धा तास ठेवा ना तिला, मी जास्तीचे पैसे देते.’ पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. तिनं फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, सासूला. मग तिसरा, कुणा मैत्रिणीला. ठाणं आलं, डोंबिवली आलं, तिचे फोन चालूच. उलट्या बाजूच्या मावशी शेवटी म्हणाल्या, ‘या मोटरमन लोकांना घरदार नाही का गं?’ डब्यातल्या सगळ्या हो हो म्हणाल्या. मी काही बोलले नाही, कारण त्यांना घरदार आहे आणि त्यांनाही घरी जायचं होतं म्हणूनच गाडी रद्द झाली होती, हे त्या मुलीसमोर बोलायची ती वेळ नव्हती. आता बोलते.

माझ्या माहेरी शेजारी एक निवृत्त मोटरमन राहतात. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली, जी एवढी वर्षं लोकलनं जाऊनही माहीत नव्हती. सीएसएमटीला गाडी आत येते तेव्हा तीच माणसं तीच गाडी परत घेऊन जात नाहीत. आणणारा मोटरमन एका टोकाला उतरत असतो, तोपर्यंत नेणारा दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये चढून तयार असतो. म्हणून गाडी काही मिनिटांत परत सुटते. तो नेणारा माणूस नसेल तर अख्खी गाडी फलाट अडवून उभी राहते, मागची गाडी बाहेर सिग्नलला, तिच्या मागची मशीद स्टेशनला. मेन लाइनला तिथे लोकलचे पाचच फलाट, तीन ते सात. एक माणूस कमी पडला तर त्याचा फटका एका गाडीपुरता राहत नाही, रात्रीपर्यंत पुरतो. काका म्हणाले, ‘आमच्यात आजारी पडणाराही अपराधी वाटून घेतो.’

आणि त्या खुर्चीतलं काम काय आहे? दर काहीशे मीटरवर सिग्नल. एक लाल सिग्नल चुकून ओलांडला तर शिक्षा नोकरीवरून काढण्यापर्यंत जाते. जायलाच हवी, मागे हजारो जीव असतात. पण मग त्या माणसाची झोप पूर्ण झाली आहे ना, हे बघणंही तितकंच सक्तीचं हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये भायखळ्याजवळ रूळ ओलांडताना एका मोटरमनचा गाडीखाली मृत्यू झाला. सिग्नल ओलांडल्याच्या कारवाईच्या दडपणाखाली तो होता, असं त्याचे सहकारी सांगत होते. कल्याणला त्याच्या अंत्यसंस्कारासाठी मोटरमन गेले, जादा फेऱ्यांना कुणी उभं राहिलं नाही आणि त्या शनिवारी लोकलचा पार बोजवारा उडाला. सहकाऱ्याच्या अंत्ययात्रेला जाण्याइतकीसुद्धा माणसं जास्तीची नसावीत?

ऑगस्ट २०१८ मध्येही मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा काम नाकारलं होतं. तेव्हा मोटरमनच्या दोनशेहून अधिक जागा रिकाम्या असल्याच्या बातम्या होत्या. आता भरतीचं बघा. असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे सहाय्यक इंजिनचालकाची, मोठी जाहिरात निघाली २०१८ च्या सुरुवातीला. त्यानंतरची थेट जानेवारी २०२४ मध्ये. मधली सहा वर्षं लोक निवृत्त होत राहिले, फेऱ्या वाढत राहिल्या. बरं, २०२४ मध्ये देशभरासाठी जागा काढल्या ५,६९६. जूनमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात झाला आणि लगेच त्याच भरतीचा आकडा १८,७९९ केला. पाच महिन्यांत गरज तिपटीहून जास्त वाढत नसते. गरज आधीपासून होती. पहिली परीक्षा व्हायलाही नोव्हेंबर उजाडला. शिवाय परीक्षा पास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी लोकलच्या केबिनमध्ये बसत नाही. आधी असिस्टंट, मग शंटिंग म्हणजे यार्डातली डब्यांची हलवाहलव, मालगाड्या, त्यानंतर मानसशास्त्रीय चाचणी, मार्ग शिकणं, तेव्हा कुठे मोटरमन. २०१९ ला जी माणसं घ्यायला हवी होती, ती आज आपली गाडी चालवत असती.

कामाचे तास आणि विश्रांती हे मागणं तर किती जुनं. मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण त्याच्या आदल्या वर्षी इंजिन चालवणारे कामाच्या तासांसाठीच रस्त्यावर उतरले होते. आणि जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेचे लोको पायलट काय मागत होते? रोजची १६ तासांची विश्रांती आणि त्याला जोडून ३० तासांची साप्ताहिक सुट्टी. पन्नास वर्षं झाली.

हे सगळं असूनही संघटनांना एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. विषय वेगळा होता, मुंब्र्याच्या जूनमधल्या अपघातात अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला म्हणून कर्मचारी सीएसएमटीला जमले होते. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण ऐन संध्याकाळच्या गर्दीत, कुणाला काही न सांगता, साधारण तासभर गाड्या थांबल्या. सँडहर्स्ट रोडला खोळंबलेल्या गाडीतून उतरून लोक रुळांवरून चालू लागले, आणि दुसऱ्या लोकलची धडक बसून दोघांचा जीव गेला. घरी निघालेली माणसं होती ती. त्यांचा त्या गुन्ह्याशी, त्या आंदोलनाशी, कशाशीही संबंध नव्हता. सार्वजनिक सेवेत संपाआधी नोटीस देण्याचा कायदा आहे तो कशासाठी? तुम्ही सकाळी सांगितलं असतं तर आम्ही ऑफिसातून लवकर निघालो असतो, कुणाकडे राहिलो असतो. मे २०१० मध्ये मोटरमननी उपोषण केलं तेव्हा दोन दिवस मुंबईचे हाल झाले, पण ते उपोषणाला बसणार आहेत हे आधी कळलं तरी होतं. तुमच्या मागण्यांना माझा पाठिंबा आहे. संध्याकाळी सहाला मला वेठीला धरण्याला नाही.

रेल्वेच्या माणसांबद्दल माझ्या मनात आकस नाही. आमच्याच वांगणीच्या फलाटावरून एप्रिल २०२१ मध्ये दृष्टिहीन आईचा हात सुटून एक लहान मूल रुळावर पडलं, समोरून एक्स्प्रेस येत होती, आणि एक पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी, धावत जाऊन त्याला वर ढकलून स्वतः कसाबसा फलाटावर चढला. ते दृश्य साऱ्या देशानं पाहिलं. अशी माणसं ज्या खात्यात आहेत, त्या खात्यानं घोषणेत नुसतं ‘तांत्रिक कारणामुळे’ म्हणून विषय संपवावा, याचं वाईट वाटतं. मोटरमन उपलब्ध नाही म्हणून गाडी रद्द आहे, तर तसं सांगा. आदल्या रात्री माहीत असेल तर आदल्या रात्री सांगा. रद्द करायचीच असेल तर ठाण्याची करा, कर्जत-कसाऱ्याची शेवटी. आणि जेवढी माणसं आहेत तेवढ्याच फेऱ्या वेळापत्रकात दाखवा. आकडा लहान दिसेल, दिसू दे. मग भरतीसाठी आम्ही प्रवासीही तुमच्याबरोबर ओरडू.

कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूरच्या प्रवासी संघटनांमधलं किंवा रेल्वेच्या सल्लागार समितीवरचं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर पुढच्या बैठकीत सरकत्या जिन्याच्या आणि शेडच्या आधी एवढं लेखी विचारा: मोटरमन आणि गार्डच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि आजच्या वेळापत्रकातल्या किती फेऱ्या ओव्हरटाइमशिवाय चालू शकत नाहीत? उत्तर मिळालं की इथे कमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तर मी माहितीच्या अधिकारात अर्ज करते, सोबत सही करायला कोण येतंय ते सांगा.