खड्डा आणि रिम यांच्यातलं एक इंच रबर

सम्यानं शेवटी गाडी घेतली. सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय, 2014 ची. 1.2 लिटर टर्बो इंजिन, ताकद 105 पीएस. टायर मात्र पार गुळगुळीत. चाकांसाठी हातात 40 हजार, आणि पंक्या 38 हजारांचा 17 इंची अलॉयचा जुना सेट टायरसकट कट्ट्यावरच घेऊन आला.

"205/45 आर 17! वळणावर गाडी कशी चिकटून जाते बघ," पंक्या म्हणाला.

त्यात तथ्य आहे. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बुटकी असली की टायर वळणात कमी लवतो, स्टिअरिंग लगेच ऐकतं. पण म्हटलं, आधी हिशेब करू. कंपनीचा टायर 185/60 आर 15, म्हणजे रुंदी 185 मिमी, रिम 15 इंची. 185 चे 60 टक्के म्हणजे 111 मिमी साइडवॉल. ती दोनदा धरायची, त्यात रिमचे 381 मिळवायचे, उंची 603. पंक्याचा टायर येतो 616 ला.

"आणि जुन्याच रिमवर 195/60 टाकला तर?" निल्यानं विचारलं.

मोबाइलवर आकडे मांडले. 615! बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारखीच उंच, स्पीडोमीटरमधला फरकही कंपनीच्या टायरपेक्षा दोनच टक्के. पण 15 च्या रिमवर 117 मिमी रबर आणि 17 च्या रिमवर 92. खड्डा आणि रिम यांच्यामधलं एक इंच रबर गायब.

तो इंच मला भोवलाय. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी उतरताना पाण्यानं भरलेला खड्डा दिसलाच नाही. माझ्या गाडीला तेव्हा 17 चीच चाकं होती. धाडकन आवाज झाला. उतरून पाहतो तर रिमची कड आत वळलेली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो, मग तो टायर टाकूनच द्यावा लागतो.

"पण 205 ची ग्रिप 195 ला कुठून येणार?" पंक्या हटेना.

मी मोबाइलचा टॉर्च त्याच्या टायरवर मारला. टायरच्या बाजूवर छापलेल्या 'DOT' कोडच्या ओळीत शेवटी 1118, म्हणजे 2018 सालचा अकरावा आठवडा. नख दाबलं तर रुतेना. दहा मिमी रुंदीपेक्षा ताजं, मऊ रबर ओल्या रस्त्यावर कितीतरी जास्त धरतं. आणि मोठी रिम जड असली तर तेवढं वजन 1.2 च्या इंजिनालाच फिरवायचं असतं.

"दिसायला तरी 17 च भारी," पंक्या म्हणाला. दिसतातच, ते मी मान्य केलं.

मग सम्याला सांगितलं, रिम आहेत त्याच ठेव, पैसे चांगल्या रबरात घाल. 195/60 आर 15, वजन पेलण्याचा आकडा (लोड) 88, वेगमर्यादेचं अक्षर एच किंवा व्ही. तारीख स्वतः वाच आणि अलाइनमेंट करूनच निघ.

"आणि स्टेपनी?"

"ती 185 चीच राहू दे. पंक्चर निघेपर्यंत सावकाश चालव."