सुरूचा पाला आणि पावसाळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापूर्वी अंगणातला आणि गच्चीवरचा सुरूच्या झाडाचा पाला काढून घ्यावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर टीका केलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की जंगलात कोणी झाडू मारत नाही, पडलेला पाला हे मातीचे अन्न आहे, तो उचलून कचरागाडीत टाकणे ही निव्वळ शहरी टापटिपीची हौस आहे. आणि नाल्या तुंबत असतील तर ते महापालिकेचे काम आहे, घरमालकांना उपदेश कशाला. यातले मातीविषयीचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, तरीही पाला काढावा हे माझे मत कायम आहे, कारण माझा सगळा रोख पाण्याच्या वाटेवर पडलेल्या पाल्याकडे होता.

सुरूखाली जे पडते ती बारीक, पेरापेरांची काडी असते. झाडाची खरी पाने त्या पेरांवर खवल्यांएवढी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. ही काडी वीतभर लांब, जाडीला मिलिमीटरभरही नाही, आणि वाळल्यावरही चिवट. कडुनिंबाचे पान पाण्याबरोबर वाहून जाते किंवा लवकर कुजते. सुरूची काडी मात्र आडवी पडते आणि तिथेच राहते. गच्चीवरच्या पाईपच्या तोंडाशी बसवलेली जाळी पहिल्या दोन-तीन सरींनंतर जरूर पाहावी. आधी चार-दोन काड्या जाळीच्या भोकांवर अडकतात, त्यांना पुढच्या अडकतात, मग उन्हाळाभर गच्चीवर साठलेली धूळ पाण्याबरोबर येऊन त्यांच्या फटींत बसते आणि घोंगडीसारखा घट्ट थर तयार होतो. बोटांनी उचलला तर तो एका तुकड्यात निघतो: वर तांबूस काड्या, खाली काळा, आंबूस वासाचा गाळ, आणि तो निघताच तुंबलेले पाणी गुडगुडत पाईपमध्ये उतरते. तो तसाच राहिला, तर पाणी कठड्याच्या कडेने स्लॅबमध्ये मुरते, आणि पावसाने आठ-दहा दिवस उघाड दिली तर त्याच साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची एक पिढी तयार होते. टिनाच्या छपरावर हाच ओला थर खिळ्यांच्या भोकांशी गंज धरतो, आणि कोब्यावर त्याच्याखाली शेवाळ वाढते, ज्यावरून घरातल्या वयस्क माणसांचा पाय घसरतो.

म्हणून मी वेळ सांगितली होती ती नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपल्यानंतरची आणि मृगाच्या सरींपूर्वीची. पाला तेव्हा कोरडा, हलका असतो आणि खराट्याने सहज गोळा होतो. त्यानंतर पहिली वादळी सर झाडावरचा उरलासुरला पाला एका रात्रीत खाली आणते. तेव्हा गच्ची आणि अंगणातली नाली पुन्हा एकदा पाहावी लागते. पुढे पोळ्यापर्यंत रोज झाडत बसण्याची मुळीच गरज नाही.

आता मातीचा प्रश्न. वाफ्यांत आणि झाडांच्या आळ्यांत पडलेला पाला उचलू नये, हे आपले म्हणणे योग्यच आहे. गांडुळे आणि वाणी किडे त्यावरच जगतात. अशा पाल्याने माती आम्लयुक्त होते, ही भीतीही आपल्याकडे व्यर्थ आहे, कारण आपली काळी माती मुळात चुनखडीची आणि अल्कधर्मी आहे. टोपलीभर काड्यांनी तिचा गुणधर्म बदलत नाही. पण हीच माती पावसात फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी वर उभे राहते. अशा वेळी वीतभर जाडीचे ओले आच्छादन रोपांच्या बुंध्याशी कुजवा आणते. उन्हाळ्यात जाड थर द्यावा, पावसाळ्यात दोन बोटांचा पुरे, आणि तोही बुंध्यापासून थोडा दूर. उरलेला पाला कचरागाडीत टाका असे मी कुठेही लिहिलेले नाही. सुरूच्या काडीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, भरपूर असल्याने ती एकटी कुजायला फार रेंगाळते. पावसाळ्यात कापलेल्या हिरव्या गवताचे आणि तिचे पातळ थर आलटून-पालटून देऊन वर शेणकाला शिंपडला, तर ती बरीच लवकर खत होते.

जंगलाच्या दाखल्याविषयी एकच सांगतो. उत्तराखंडात चीडच्या (पाइनच्या) झाडांखाली पडणाऱ्या सुईसारख्या पानांना पिरूल म्हणतात. त्यांचे थर एप्रिल ते जूनमध्ये वणव्याला इंधन पुरवतात, म्हणून 2024 मध्ये तिथल्या सरकारने ते गावकऱ्यांकडून किलोला 50 रुपये दराने विकत घेण्याची योजना आणली. म्हणजे जंगलातही, जवळ वस्ती असली, की कोणीतरी पाला उचलतोच.

महापालिकेच्या जबाबदारीबद्दल आपला राग मी समजू शकतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरले, त्याला कोणाच्या अंगणातला पाला कारण नव्हता, आणि तसे मी सुचवलेलेही नाही. नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांची सफाई महापालिकेनेच करायची आहे. पण 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आणि तो रस्त्यावर, नालीत टाकायला किंवा जाळायला मनाई केली. आपल्या लेआउटमध्ये किती जण पाला लोटत फाटकाबाहेरच्या नालीपर्यंत नेतात, हे आपणही पाहिले असेल.

ओला पाला यंत्राने का काढू नये, असेही आपण विचारले आहे. हवेच्या झोताचे यंत्र कोरड्या पाल्यावर उत्तम चालते, ओल्या काड्या मात्र कोब्याला चिकटून बसतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्या निघतात, पण थेट पाईपमध्ये जाऊन बसतात. खराट्यातही त्या अडकतात. एक दिवस उघाड मिळू द्यावी आणि तारेच्या पंजाने, पाईपच्या तोंडापासून दूर ओढत, पाला घमेल्यात भरावा. ढीग भिंतीला टेकवून ठेवू नये, वाळवी लागते. आणि जुना ढीग उपसताना हात घालण्यापूर्वी तो काठीने हलवून पाहावा, कारण पावसाळ्यात त्याखाली विंचू बसलेले असतात.